हुंकार

चंद्रवसाहतीला पृथ्वीशी जोडणारा प्रकाशदुवा एकच होता आणि काही दिवसांपासून तो तुंबत होता. भूकेंद्राच्या नियंत्रणकक्षात जमादार वैतागला होता.

“काल शिंत्रेकाकू तिथून नातीचं बारसं बघत होत्या. आत्या कुर्रर्र करायला वाकली आणि चित्र गोठलं! नाव त्यांना आज कळलं.”

“कुणीतरी वाट्यापेक्षा जास्त घेतंय,” सुमेधा म्हणाली.

“कोण ते सापडलंय, मॅडम. पण सांगवत नाही. तुमच्या बाबांची खोली.”

बाबा वसाहतीतच वारले होते. ते अंथरुणाला खिळले तेव्हा सुमेधाने त्यांच्यासाठी पृथ्वीवरच्या घराच्या ओसरीत कॅमेरा लावला होता. अंगण, जास्वंद आणि संध्याकाळी तिच्या गप्पा. ते गेल्यावरही तो बंद करायला तिचा हात धजावला नव्हता. पलीकडून बाबांच्या खोलीतलं यंत्र अजून चित्राच्या प्रत्येक तुकड्याला ‘पोचलं’ म्हणत होतं. त्या उत्तराला केंद्रात सगळे हुंकार म्हणत. शब्द बाबांचाच, दुव्याची शिस्तही त्यांनीच घालून दिलेली. हुंकार आला की पाठवणाऱ्याने वेग वाढवायचा. नाही आला, तर वाटेत गर्दी आहे असं समजून हात आखडता घ्यायचा. सगळ्यांनी आखडला तर सगळ्यांना पुरतं.

“हे यंत्र न मिळालेल्यालाही हं म्हणतंय, असा माझा संशय आहे,” जमादार म्हणाला. “कधी तर अजून न पाठवलेल्यालासुद्धा. पाठवणाऱ्याला वाटतं रस्ता मोकळा. तो ओततच राहतो, आणि भोगतात शेजारी.”

“मग चाचणी घ्यायची. मधला एक तुकडा पाठवायचाच नाही. खरा ऐकणारा विचारेल, मधलं कुठं गेलं?”

“आणि नाही विचारलं तर त्या खोलीची जोडणी तोडायची. चाचणी बाबांचीच, नियमही त्यांचाच.” तो घुटमळला. “मी घेऊ का?”

“नको. मी घेते.”

तिने एक तुकडा गाळला. हं. आणखी एक गाळला. हं.

जमादारने यंत्राची मांडणी तपासली. “बिघाड नाही हा. शुद्ध हरपायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः केलेला बदल आहे. आपल्याच चाचणीत सापडू, हे त्यांना कळलं नसेल?”

सुमेधाच्या लहानपणी गोष्ट सांगताना बाबा हुंकार मागत. ती पेंगत हं हं करू लागली की राक्षस गाळून थेट लग्नच लावून देत. तरी हं आला की पोर झोपली असं समजत, पांघरूण सारखं करत आणि दिवा मालवत.

“कळलं होतं,” ती म्हणाली. “मी बोलत असताना त्यांना झोप लागली, हे मला तेव्हाच कळू नये, असं त्यांना वाटत होतं. नंतर कळलं तर चालणार होतं.”

तिने शेवटचा तुकडा लिहिला : ‘बाबा, आता दिवा मालवते.’

तिचं बोट पाठवायच्या कळीवर टेकण्याआधीच त्या तुकड्याचा हुंकार येऊन थांबला होता.