मुक्या डब्याचा नैवेद्य

"मुंग्या! अरे, मशीनमधी मुंग्या!"

धाकट्या भावाचा, हरिदासचा तो आवाज ऐकला आणि देवकाबाईच्या हातातलं कालचं, दसऱ्याचं सुकलेलं झेंडूचं तोरण तसंच ओघळून उंबऱ्यावर पडलं. पुढच्या खोलीत कंप्युटर क्लासच्या पहिल्या तुकडीची पोरं, त्यांचे आईबाप, शेजारचे कापडवाले भैय्याजी, सगळे चपला बाहेर काढून, हात बांधून उभे होते; आज त्यांना कंप्युटर चालताना दिसणार होता. आणि त्या पांढऱ्या डब्याच्या पुढच्या फटीत, जिथून ती काळी चौकोनी तबकडी आत सरकवली की यंत्राला वाचा फुटते म्हणत, तिथे काळ्या मुंग्यांची एक ओळ टेबलाच्या पायावरून चढून शांतपणे आत शिरत होती.

हरिदासने फटीत बोट घातलं. बाहेर काढलं, ते बोट चिकट होतं. साखर!

"कोणं टाकली हे? कोणं?"

देवकाबाईने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात हरिदासची बायको मंदा उभी होती. लग्नाला अजून वर्ष न झालेली, हिंगणीहून आलेली, पहिल्याच दसऱ्याला पोटुशी असलेली मंदा! तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता आणि उजवी मूठ तिने पदरात अशी घट्ट लपवली होती, जणू कालची साखर अजून तिच्या तळहाताला लागून आहे...

देवकाबाईला सारं एका क्षणात कळलं. पण राग आला नाही. त्या पोरीचं काय चुकलं? सासरी आल्यापासून तिने हेच पाहिलं, की त्या खोलीत जाताना चपला काढायच्या, त्या डब्यावर रोज धुतलेलं वस्त्र घालायचं, त्याच्यापुढे मोठ्याने बोलायचं नाही, त्याला ऊन लागू द्यायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, न विचारता हात लावायचा नाही. आपल्या घरी तेवढं सोवळं कोणाचं करतात? देवाचंच ना! मग दसऱ्याला नांगराची, विळ्याची, तराजूची पूजा होते तशी याचीही झाली, आणि पूजा झाल्यावर ज्याला तोंड आहे त्याला नैवेद्याची चिमूट नको?

"कोणं केलं म्हणतो मी!" हरिदासची नजर दाराकडे वळू लागली.

"मी केलं," देवकाबाई म्हणाली.



"म्या टाकली साखर. कुंकू लावलं, तसा नैवेद्य दाखवला. मले काय मालूम, त्याले चालत नाई म्हणून."

हरिदास बहिणीकडे पाहत राहिला. मग लाजेने, संतापाने त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"बाई, तुह्ये जिंदगीभर त्या टाईपरायटरच्या खटखटीत कान फुटले, तुले काय समजते? लोकं हसून राह्यले माह्यावर! आजपासून माह्या मशीनले हात लावू नको. या खोलीत पायच ठेवू नको!"

अडाणी म्हणाला असता तर देवकाबाईने सोसलं असतं. पण 'माह्या मशीनले'...! आजवर त्या घरात सगळं 'आपलं' होतं. आपली विहीर, आपला क्लास, आपला हरिदास. 'माझं' हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला, आणि तो असा, परक्या माणसांसमोर, दार लावून घेतल्यासारखा.

तिने मुकाट्याने खाली पडलेलं तोरण उचललं आणि ती आत गेली.

तिच्या आईने डोळे मिटले तेव्हा हरिदास जेमतेम चालू लागला होता, आणि मागोमाग वडील, रूपरावही गेले. देवका तेव्हा मॅट्रिक होऊन कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात टाईप करायला लागली होती. पुलगावचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, शेतीवाडी, निर्व्यसनी. फक्त त्याच्या आईने ओसरीवर बसून सरळ सांगितलं, "पोरगी नेतो बाई, पोट्ट्याले नाई नेत." देवकाने चहाचे कप उचलले आणि पुन्हा त्या विषयाचा उच्चार केला नाही. पुढे बोरगाव मेघेच्या या घरातच टायपिंगचा क्लास काढला, जुनी यंत्रं एकेक करून जमवली. हरिदास रडायला लागला की ती त्याला आपल्या यंत्राशेजारी सतरंजीवर निजवी, आणि 'ए एस डी एफ' ची ओळ वाजवीत राही. खट खट खट खट... त्या तालावर ते पोर डोळे मिटी. पाळण्याची दोरी तिच्या हातात कधी आलीच नाही. तिने जे वाजवलं तीच त्याची अंगाई!

आणि त्या आवाजाची तिलाही सवय जडली होती. कोणती पोरगी आज घरून भांडून आली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, हे तिला बोटांच्या आवाजावरून कळे. एकटेपणाला तिच्या घरात जागाच नव्हती, इतकी खटखट होती ती.

मग हरिदास नागपूरहून कंप्युटर शिकून आला.

ओसरीवर रोज चर्चा झडू लागल्या. भैय्याजी पेपर उघडून म्हणत, "आता रेल्वेचं तिकीटही डब्बाच देऊन राह्यला म्हणते. बँकेवाले बोंबलून राह्यले, आमच्या नोकऱ्या खाईन म्हणून."

"भैय्याजी," हरिदास हसे, "तुमच्या गिरणीच्या कापडानं कोष्ट्याचे माग खाल्ले, तवा तुम्ही बोंबलले का?"

"तवा मी दुकानदार होतो ना बापा! आता तुह्या डब्ब्यानं कापड विकलं तं बोंबलीन!"

"जपानात तं म्हणते, लग्न जुळवाचं तरी यालेच विचारते," कोणी म्हणे.

"मंग आपल्या देवकाबाईची पंचाईत! हरिदाससाठी पोरगी पाहाची हाये ना तिले!"

सगळे हसत. देवकाबाईही हसे. पण मनातून तिला त्या यंत्राचा धाक वाटे. टाईपरायटर सगळे विकावे लागतील हे हरिदासने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "वीक. तुह्यासाठीच तं होते." व्यापारी येऊन एकेक यंत्र हातगाडीवर ठेवू लागला तेव्हा ती मागच्या अंगणात जाऊन विनाकारण धुतलेलेच गहू पुन्हा धूत बसली... आणि नंतर क्लासची ती पुढची खोली काचेच्या दाराआड गेली. आत कंप्युटर. बाहेर देवकाबाई. काचेतून हरिदासची बोटं हलताना दिसत, पण ऐकू काहीच येत नसे.

"मुका हाये गं तुह्या नवऱ्याचा डब्बा," ती एकदा मंदाला म्हणाली होती. "बोलतच नाई."

मंदा तिनेच निवडली होती. सातवी शिकलेली, हाताने उरकती, डोळ्यांत माया असलेली. हरिदासला शहरातली, शिकलेली हवी होती. बहिणीच्या शब्दाखातर तो बोहल्यावर उभा राहिला, पण त्याच्या मनातली अढी गेली नव्हती. "कशी अडाणी बायको गळ्यात बांधली तू माह्या," असं तो जेवताना बोलून जाई, आणि मंदाच्या हातातली भाकरी थबके. माहेरी पाठवून देण्याची गोष्टही त्याच्या तोंडी एकदा येऊन गेली होती.

म्हणून तर... म्हणून तर देवकाबाई 'मी केलं' म्हणाली होती.

त्या संध्याकाळी मंदा तिच्या पायांवर कोसळली. "बाई, मी सांगतो त्याईले. माह्या पापाचं ओझं तुमच्या डोक्यावर काऊन?"

"चूप! पाप कायचं आलं त्यात? तू तं देवाले घास दिला." देवकाबाईने तिला उठवून जवळ घेतलं. "पोटातल्या लेकराची शपथ हाये तुले, बोलजो नको. मले बोलला तं काय, मी बहीण हावो. बहिणीचं नातं तुटते काय? तुह्यं अजून बांधलंच नाई गेलं नीट. ते आधी बांधू दे."

दुसऱ्या दिवशी ती समुद्रपूरच्या एसटीत बसली. चुलती भागीरथाबाई तिथे एकटीच राहत होती. "कापूस वेचाले माणूस पाह्यजे म्हणते काकू," असं तिने हरिदासला सांगितलं. तो कंप्युटरचा डबा उघडून बसला होता, नागपूरहून माणूस आला होता. "ठीक हाये," तो मान वर न करता म्हणाला.

ठीक हाये...! एवढ्या दोन शब्दांत एक आयुष्य दाराबाहेर ठेवता येतं?

समुद्रपूरचे दिवस संपता संपत नव्हते. काकू कानाने अधू, बोलणं कमी. दुपारी आजूबाजूचे सगळे शेतावर गेले की घरात नुसती माशी फिरल्याचा आवाज. देवकाबाई तूर निवडायला बसे आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात येई, की बोटं तूर निवडत नाहीयेत, सुपाच्या काठावर 'ए एस डी एफ' वाजवीत आहेत. वर्ध्याहून येणारी गाडी थांबली की ती कारण काढून स्टँडकडे जाई. कोणी ओळखीचं उतरलं की बातमी मिळे, हरिदाससरांचा क्लास जोरात आहे, मशीन दुरुस्त झालं, आता दुसरं येणार आहे, मंदाला मुलगा झाला... मुलगा झाला! बारशाचं बोलावणं आलं ते भैय्याजींच्या तोंडी, हरिदासचा निरोप म्हणून: "याचं असन तं ये म्हणा."

देवकाबाईने बाळासाठी शिवलेलं झबलं आणि टोपरं भैय्याजींच्या हाती दिलं. "सांगजा, काकूले बरं नाई."

"बाई," भैय्याजी चुळबुळत म्हणाले, "एवढं काय रुसणं? पोट्टं हाये ते अजून."

"मी रुसली नाई भैय्याजी. 'याचं असन तं ये' हे बोलावणं पाव्हण्याले असते. आणि 'याचं नसन तं नको येऊ' हे त्यातच असते." मग ती हसली. "तेथं माह्याबिगर काही अडलं हाये का, सांगा बरं खरं?"

भैय्याजी खोटं बोलू शकले नाहीत. काहीच अडलं नव्हतं. हेच तर दुःख होतं! ती गेली आणि संसार चालला, डबा चालला, आणि तिच्या जागी रिकामी जागासुद्धा उरली नाही.

पुन्हा दसरा आला. देवकाबाईने काकूच्या विळ्याची, सुपाची पूजा केली. मग आपट्याची पानं परडीत घेऊन ओट्यावर बसली. सोनं द्यायला कोण येणार होतं तिच्याकडे? उन्हं कलली होती. वर्ध्याची गाडी येऊन गेल्याचा धुरळा रस्त्यावर अजून तरंगत होता, आणि त्या धुरळ्यातून तिघं येताना दिसली.

पुढे भैय्याजी. मागे मंदा, कडेवर रडून लाल झालेलं लेकरू. आणि तिच्या मागे हरिदास... काखेत, मंदाच्या लग्नातल्या पिवळ्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट, छातीशी धरून.

देवकाबाई परडी हातात घेऊनच उठली.

मंदाच आधी बोलली. "बाई, मी शपथ मोडली." तिचा बांध फुटला. "आज सकाळी हे बोलले, यंदा मशीनची पूजा नाई, गेल्या साली बाईनं घात केला. मले नाई ऐकवलं बाई! म्या सांगून टाकलं, साखर माह्या हातची होती. आता लेकराले काही होईन का हो?"

"काही नाई होत, वेडे," देवकाबाईने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "खऱ्या बोलण्यानं शपथ मोडत नसते."

हरिदास खाली मान घालून उभा होता.

"तुह्या बायकोले बोलला का काही?" तिने विचारलं. वर्षभराने त्याला विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

त्याने नकारार्थी मान हलवली. "काय बोलू? मले मंदाचा राग आला नाई बाई... मले तुह्यं तोंड आठोलं. तू 'मी केलं' म्हणाली, तवा तू दाराकडे पाहून राह्यली होती. म्या पाह्यलं होतं. पाह्यलं आणि समजून घेतलं नाई." त्याने शालीतलं ओझं पुढे केलं. "तो डब्बा एसटीत येत नाई. म्हणून त्याचं हे आणलं, टाईप कराचं. तू पूजा केल्याबिगर चालू करणार नाई मी."

"कंडक्टरनं याचंही तिकीट मागतलं," भैय्याजी डोळे पुसत म्हणाले. "म्हणे लेकरू हाये का शालीत?"

शाल उघडली. आत तो कीबोर्ड होता, उन्हाने पिवळसर दिसणारा, मागे त्याची वेटोळं केलेली वायर. देवकाबाईने कुंकवाचा करंडा आणला, बोट बुडवलं आणि थांबली. वर्षापूर्वीचे शब्द अजून मनात होते... 'हात लावू नको.'

"लाव ना बाई," हरिदास म्हणाला. "आपलं हाये."

आपलं! तिने कुंकवाचं बोट यंत्राला नाही, त्याच्या कपाळाला लावलं. मग मंदाच्या, मग त्या रडत्या जिवाच्या. बाळ अधिकच भोकांड पसरून रडू लागलं. प्रवासाने कावलेलं, भुकेलं, झोपाळलेलं. मंदाने थोपटलं, भैय्याजींनी चुटक्या वाजवल्या, काही चालेना.

"आण इकडे. सतरंजीवर निजव."

ती त्याच्याशेजारी मांडी घालून बसली. कीबोर्ड पुढे ओढला. बोटं आपसूक आपल्या जागी जाऊन बसली, जणू मधलं वर्ष गेलंच नव्हतं... आणि तिने पहिलं अक्षर दाबलं.

खट्.

देवकाबाईने चमकून हात उचलला. डोळे विस्फारून भावाकडे पाहिलं.

"अरे हरिदास... याले आवाज हाये!"

"हाये ना बाई."

"मले वाटे, मुका हाये म्हणून..."

"चालू असताना तुले कधी काचेच्या आत येऊच नाई दिलं ना म्या." 

तिने पुन्हा बोटं ठेवली. ए, एस, डी, एफ... खट खट खट खट... वायर कशालाच जोडलेली नव्हती, अक्षरं कुठेच उमटत नव्हती, पण बाळाचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, हुंदके विरले आणि मुठी सैल झाल्या. सतरंजीच्या दुसऱ्या काठाशी, क्लासचे मोठे सर, हरिदास, गुडघ्यात डोकं खुपसून लहान पोरासारखे रडत होते. देवकाबाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि वाजवणं थांबवलं नाही.