सहा चाकांतली हरवलेली हवा

"त्रेसष्ट!" मृण्मयी किंचाळली. तिच्या हातातलं दाबमापक (चाकातल्या हवेचा दाब दाखवणारं छोटं यंत्र) खाली बर्फात पडलं.

"काय त्रेसष्ट?" गाडीच्या खिडकीतून आत्याआजीने डोकं बाहेर काढलं. मफलरमधून तिचं फक्त नाक दिसत होतं.

"हवा! ऐंशी असायला हवी ना? एकाही चाकात त्रेसष्टच्या वर नाही. काही ठिकाणी त्याहून कमी!"

आत्याआजी, म्हणजे मृण्मयीच्या बाबांची आत्या, डॉक्टर प्रमिला देवस्थळी, पायऱ्या उतरून खाली आली. तिने स्वतः मोजलं. मग दुसऱ्या चाकाचं मोजलं.

दोघी पुण्याहून निघून लडाखमध्ये आल्या होत्या, त्या गोगलगायीतून. गोगलगाय म्हणजे त्यांची घरगाडी. आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं घर होतं आणि त्याखाली सहा जाडजूड चाकं. ती स्वतःच स्वतःला चालवायची आणि बोलायचीसुद्धा. त्या काळी अशा गाड्या नवलाच्या राहिल्या नव्हत्या.

आज दुपारी तिथे खग्रास ग्रहण (चंद्र सूर्याला पूर्ण झाकून टाकतो ते ग्रहण) होतं. आत्याआजीने आयुष्यभर सूर्याचा अभ्यास केला, पण खग्रास मात्र तिला एकदाही दिसलं नव्हतं. एकदा ढग आले. एकदा ती स्वतःच इस्पितळात होती. आता तिची नजर झपाट्याने मंद होत होती. पुढच्या वर्षी काय दिसेल हे सांगता येत नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून आजचं ग्रहण चुकवून चालणार नव्हतं. आणि ग्रहण जिथून खग्रास दिसणार होतं ते पठार अजून एक मोठा घाट ओलांडून पुढे होतं.

"पंक्चर असेल," मृण्मयी म्हणाली.

"सहाही चाकं एकदम? चाकांनी ठरवून केलं का?" आत्याआजीने गाडीच्या दाराकडे वळून विचारलं, "गोगलगाय, हवा गेली कुठे?"

"वाटेत सोडली, बाई," गाडी शांतपणे म्हणाली.

"कोणी?"

"मृण्मयीने. रोज दुपारी, चहाला थांबलो की."

मृण्मयी आत्याआजीकडे वळली. "पण... पण पहिल्या दुपारी आकडा ब्याण्णव होता, नंतरही ऐंशीच्या वरच यायचा! ऐंशी हवा म्हणून मी जास्तीची हवा सोडायचे. तूच म्हणतेस ना, आकडा चुकला की काम चुकलं?"

आत्याआजीने कपाळावर हात मारून घेतला. "आणि तू हे बघत होतीस, गोगलगाय?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी मोजमाप करत असताना मध्ये बोलायचं नाही, हा तुमचाच नियम आहे. मोजून झाल्यावर मला कोणी विचारलं नाही."

"गोगलगाय आणि पोटात पाय!" आत्याआजी पुटपुटली. पण ती मृण्मयीवर रागावली नाही. तिथेच पायरीवर बसून तिने मृण्मयीला शेजारी बसवलं.

"हवा म्हणजे रेणूंची (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिशय बारीक कणांची) गर्दी. ते सतत पळतात आणि चाकाच्या आतल्या भिंतीवर आपटतात. त्या आपटण्यालाच आपण दाब म्हणतो. गाडी उन्हात धावली की चाक तापतं, रेणू जोरात पळतात, जोरात आपटतात. आकडा वाढतो. रेणू मात्र तेवढेच असतात."

"म्हणजे हवा जास्त झालीच नव्हती?"

"नव्हती. ऐंशी हा आकडा थंड चाकासाठी असतो. तू तापलेल्या चाकातले रेणू काढून टाकलेस. इथे थंडीत उरलेले रेणू मंदावले, म्हणून त्रेसष्ट."

मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. "असंच हळू हळू गेलो तर?"

"मी जाणार नाही," गोगलगाय म्हणाली. "कमी हवेचं चाक प्रत्येक फेऱ्याला दबतं, वाकतं आणि तापतं. घाटात फुटलं तर आपण सगळे दरीत. चाकं भरेपर्यंत माझ्या ब्रेकचं कुलूप निघणार नाही."

"रडू नकोस," आत्याआजी म्हणाली. "आपला कंप्रेसर (हवा दाबून भरणारं यंत्र) कशाला आणलाय? बघ काय लिहिलंय त्यावर. कमाल दाब दीडशे! आपल्याला तर ऐंशीच हवाय."

हा कंप्रेसर आत्याआजीनेच निवडला होता. डब्याएवढा, हलका, चकचकीत. मृण्मयीने नळी पहिल्या चाकाला लावली. यंत्र खडखड करू लागलं, थरथरत बर्फावरून सरकू लागलं. दोघी आकड्याकडे टक लावून बसल्या. चौसष्ट. बराच वेळ चौसष्टच. मग पासष्ट. सदुसष्टवर आल्यावर यंत्र खटकन बंद पडलं.

मृण्मयीने ते उचलायला हात लावला आणि "आई गं!" करून मागे घेतला. पाणी गोठेल एवढी थंडी, आणि बोट भाजलं!

"हवा दाबली की ती तापते," आत्याआजी हळू आवाजात म्हणाली. "सायकलचा पंपसुद्धा खालून गरम होतो, पाहिलं असशील. हे यंत्र जळू नये म्हणून आपोआप थांबलं. निवलं की पुन्हा चालेल."

"या गतीने सहा चाकं भरायला मध्यरात्र होईल," गोगलगाय म्हणाली.

सूर्य तर दुपारी झाकला जाणार होता.

"खोटारडं यंत्र!" मृण्मयीने बर्फाला लाथ मारली. "म्हणे दीडशे!"

"खोटं नाही गं." आत्याआजीचा चेहरा उतरला होता. "रंगपंचमीला पिचकारी मारतेस ना? तिचं पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. केवढा जोर! पण त्याच पिचकारीने अंगणातलं पिंप भरायला सांगितलं तर?"

"संध्याकाळ होईल. एका वेळी पाणी येतंच किती!" मृण्मयी बोलता बोलता थांबली. "म्हणजे दाब वेगळा, आणि किती हवा येते ते वेगळं!"

"त्याला प्रवाह म्हणतात. सायकलच्या चाकाला ही पिचकारी पुरते. ही चाकं म्हणजे पिंपं आहेत. त्यात इथली हवा विरळ. आपल्याकडे यंत्र एका घोटात जेवढे रेणू घेतं, त्याच्या दोन-तृतीयांशच इथे मिळतात. आणि मी, सूर्याच्या पोटातला दाब मोजणारी बाई, खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलले!"

आत्याआजी चुकू शकते, हे मृण्मयीला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. तिला चाकांपेक्षा याचाच धक्का मोठा वाटला.

"कारगिलहून ड्रोन येऊ शकतो," गोगलगाय म्हणाली. "पण एकदाच. नंतर ग्रहण संपेपर्यंत आकाश ड्रोनना बंद आहे."

गाडीच्या समोरच्या काचेवर तीन कंप्रेसरांची चित्रं उमटली. पहिल्यावर लिहिलं होतं, 'कमाल दाब दोनशे'. आत्याआजीचं बोट आपोआप तिकडे गेलं. तिने ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "तू निवड," ती म्हणाली. "माझा माझ्यावर भरवसा नाही आज."

मृण्मयी काचेजवळ सरकली. चुकलं तर दुसरा ड्रोन नव्हता. गोगलगाय विचारलं तेवढंच सांगते, हे तिला आता पक्कं कळलं होतं. म्हणजे प्रश्नच नीट विचारायला हवा.

"सगळ्यांत जास्त हवा कोण देतो?"

"दुसरा. मिनिटाला सत्तर लिटर."

"मग दुसराच!" ती म्हणणार, इतक्यात तिला पिंप आठवलं. रिकाम्या पिंपात पाणी ओतणं सोपं. पण चाक तर रिकामं नव्हतं, आतले रेणू उलट ढकलत होते. "हे सत्तर लिटर केव्हा? नळी मोकळी असताना?"

"हो."

"आणि चाकात ऐंशीचा दाब असताना कोण किती देतो?"

"पहिला पाच. दुसरा बारा. तिसरा तीस."

"बारा? सत्तरचे बारा?" मृण्मयी थक्क झाली. तिसऱ्याचा कमाल दाब तर सगळ्यांत कमी, एकशेवीस होता. पण ऐंशीला तो भरपूर पुरत होता. "तिसरा न थांबता किती वेळ चालतो?"

"अर्धा तास. त्याला हवा दाबणारे दट्टे दोन आहेत, काम वाटून घेतात. वीज मात्र थेट माझ्या बॅटरीतून घ्यावी लागेल."

आत्याआजी गालात हसत होती. "अजून काही?"

मृण्मयीने बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंत चालून पाहिलं. "नळी पोचेल का?"

"नाही. जोडनळी घ्यावी लागेल. पण मग वजन ड्रोनच्या मर्यादेबाहेर जातं."

"चित्रातली ती शोभेची पेटी काढून टाका! नुसतं यंत्र आणि नळी पाठवा."

"जमेल," गोगलगाय म्हणाली.

ड्रोन आला. नवं यंत्र धपधप आवाज करत कामाला लागलं. आकडा असा चढू लागला की मृण्मयी ओरडून मोजायला लागली. ते तापलंही, पण थांबलं नाही. मध्ये एकदा दोघींनीच त्याला विश्रांती दिली. सहाव्या चाकात ऐंशी झाले आणि गोगलगायीचं कुलूप निघालं.

पठारावर पोचल्या तेव्हा सूर्याची नुसती कोर उरली होती. उतरताना सवयीने मृण्मयीने चाक मोजलं. अठ्ठ्याऐंशी. तिने मापक शांतपणे खिशात ठेवलं आणि आत्याआजीचा हात धरून धावली.

आणि अंधार झाला.

मृण्मयीला वाटलं होतं, संध्याकाळसारखं होईल. तसं नव्हतं. कोणीतरी आभाळावर झाकण ठेवल्यासारखं झालं. गार वारा सुटला, पक्षी गप्प झाले, आणि सूर्याच्या जागी एक काळं भोक! त्याच्याभोवती पांढरं तेज पसरलं होतं. तिला श्वास घ्यायचंही सुचेना.

"आत्याआजी, दिसतंय?"

आत्याआजीचं तोंड लहान मुलासारखं उघडं होतं आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. तिची सगळी मोजायची यंत्रं पिशवीतच राहिली होती.

"दिसतंय," ती शेवटी म्हणाली. "अगं, केवढं मोठं आहे! मी इतकी वर्षं आकड्यांत बघत होते."

मग एका कडेला हिऱ्यासारखा प्रकाश फुटला आणि दिवस परत आला. पठारावर जमलेले लोक टाळ्या वाजवू लागले. त्या दोघी मात्र तशाच बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने मृण्मयीने विचारलं, "मंगळावरून ग्रहण कसं दिसत असेल?"

"तिथले चंद्र फार लहान आहेत. सूर्य पुरा झाकत नाहीत."

"तरी मी जाणार. घरगाडी घेऊन."

"तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाएवढीही नाही, मृणू. कंप्रेसर घोट कशाचा घेणार?"

ही अडचण मृण्मयीच्या लक्षातच आली नव्हती. तिने पिशवीतून कागद काढला आणि एक चाक काढायला घेतलं. त्यात हवा नव्हतीच. तिच्या जागी स्प्रिंगांची जाळी होती.

"जाळी थंडीत ठिसूळ तर होणार नाही ना?" आत्याआजी डोळे बारीक करून कागदावर वाकली. "जरा मोठं काढ. मला दिसेल असं."