निकोमेडॉनचा डोळा

माझ्या नवऱ्याला, क्षितिजला, जुन्या वस्तूंचा भारी सोस. टोकियोत, तोयोसुच्या ऑफिसातून सुटला की कुठलं तरी अडगळीचं दुकान गाठायचा. या वेळी त्याने संगमरवरी डोळा आणला. बशीएवढा, मध्ये काळं बुबुळ.

"निकोमेडॉन म्हणून एक ग्रीक आरमारप्रमुख होता, त्याच्या जहाजाच्या नाळेवरचा हा डोळा. हा ज्याच्याकडे बघतो त्याला समुद्र घेतो म्हणे. अख्खं आरमार बुडालं, पण तो गडी परतला. डोळा दुसऱ्यांकडे वळवायचा ना!"

"आणि तू तो घरात आणलास. धन्य आहेस."

मी रसायनशास्त्रातली. असल्या कथा मला चहाबरोबर चालतात. निशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटावर, मी तो दाराकडे तोंड करून ठेवला. भूकंपात पडू नये म्हणून खाली चिकट जेलही लावलं.

काही दिवसांनी तो आमच्या लेकीच्या, सईच्या खोलीकडे वळलेला दिसला. बारीक धक्का बसला असेल म्हणून सरळ केला. संध्याकाळी पुन्हा तेच. जेल जागच्या जागी होतं. दगडावर ओल होती, बोट लावून चाखली तर खारट. खाडी जवळ आहे, दगडाला मीठ सुटायचंच.

मग सई खोकायला लागली. सहा वर्षांची पोर, खोकताना तोंडातून पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरतंय, कारण कळत नाही. मी घाबरले, पार घाबरले. डोळा न जळणाऱ्या कचऱ्यात ठेवून आले. कचरागाडी बाकी सगळं घेऊन गेली. डोळ्यावर लाल चिठ्ठी होती: आतलं पाणी आधी काढून टाका.

तो पुन्हा वर आणला. सईच्या आजारपणामुळे पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी चिठ्ठीत काय लिहिलंय ते विचारलं. मी सगळंच सांगितलं, निकोमेडॉनसकट. त्या सईपाशी बसल्या, दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"हिची सगळी इडापीडा मला लागू दे."

"आई, असं बोलू नका ना."

"तू गप्प बस. पोरीला खायला घाल आधी."

सई त्या दिवशी पोटभर वरणभात जेवली. खोकली नाही. मी आनंदाने रडले.

डोळा सासूबाईंच्या गादीकडे वळला होता.

सकाळी त्या उठल्या नाहीत. उशी चिंब होती. केसांत वाळू होती.

क्षितिज अस्थी घेऊन पुण्याला गेला. मी डोळा टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबला.

आज भाजी चिरताना मला ठसका लागला. ओट्यावर पाणी पडलं. खारट.

वळून पाहिलं. कपाट उघडं, टॉवेल खाली. डोळा माझ्याकडे.

सई दारात उभी होती. तिने डोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाइजोबु, आई," ती जपानीत म्हणाली, म्हणजे काही होत नाही. जवळ येऊन तिने इवले हात माझ्या चेहऱ्यावरून उतरवले.

"सई, नको!"

मी तिचे हात धरेपर्यंत ते तिच्या कानशिलांवर गेले होते. सगळी बोटं कडाकडा मोडली.