खोलीत माणसं किती?

जयतीर्थानं आधी फितीनं खोली मापली, मग पश्चिमेची भिंत तळव्यानं चाचपली. दुपारचं ऊन कुठवर येतं, कौलांखाली फळ्या आहेत का, खिडकी नीट लागते का, सगळं विचारलं. चंद्रमतीबाई उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बघत होत्या.

"मशीन आणतोयस की मुलगी बघायला आलायस?"

जयतीर्थ त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मद्रासला एका कंपनीत इंजिनीअर होता; बँकांतून नि थेटरांतून हवा गार करणारी मशीनं बसवायचा. बाईंच्या यजमानांना, बाळकृष्णरावांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि डॉक्टर म्हणाले होते, खोली गार नि कोरडी ठेवा, नाहीतर हा उन्हाळा जड जाईल.

"सगळ्यांत मोठं आण," बाई म्हणाल्या. "आपल्या मेलवीथीच्या रस्त्यावर कुणाकडे नाही असलं."

"मोठं नको, मावशी. आपली हवा ओली. मोठं मशीन घटकेत गार करतं नि थांबतं. ओल तशीच राहते. बेताचं असलं की संथपणे चालत राहतं आणि धुणं पिळावं तशी हवा पिळून काढतं. खोलीत माणसं किती असतील, सांग."

"माणसं मोजून मशीन? पंगत बसवायचीय काय?"

"पंगतच समज. माणूस नुसता बसला तरी अंगची ऊब सोडतो, श्वासातून ओल सोडतो. किती पानं धरू?"

ही भाषा बाईंना कळली. शाळेत त्यांनी अक्षरओळखीपलीकडे मजल मारली नव्हती, पण शंभर पानांचा तांदूळ त्या नुसत्या नजरेनं काढून द्यायच्या, आणि शेवटच्या पानापर्यंत भात पुरायचा.

"एक पान," त्या म्हणाल्या. "भामा पेज भरवायला आत जाईल तेवढीच."

"आणि तू?"

"मी हा उंबरा ओलांडत नाही, ठाऊक आहे तुला."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. चार वर्षांमागं बाळकृष्णराव तिरुवैयारूला उत्सवाला म्हणून गेले आणि वत्सलेचं लग्न दिल्लीच्या मुलाशी ठरवूनच परतले. मुलीच्या आईला विचारलं नाही. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, माझ्यावाचून निभतं ना, निभवा. हाक मारल्याशिवाय तुमच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. रावही हट्टाचे. हाक आली नाही. आता जीभ जड झाली होती, पण 'चंद्रा' एवढं म्हणायला किती जीभ लागते? बाई दिवसभर त्या खुर्चीवर बसायच्या. भाजी चिरली तरी तिथंच, सुनेला, भामाला, बोल लावले तरी तिथूनच. एक हाक आली की उठायचं, एवढंच.

मशीन खिडकीत बसलं. त्यातलं पाणी नळीनं मागच्या अंगणातल्या तांब्याच्या गुंडीत पडायचं. पहिले काही दिवस राव शांत झोपले, जखमा सुकू लागल्या. मग खोलीत पुन्हा दमटपणा आला. गुंडी भरून वाहू लागली आणि मशीन न थांबता घरघरत राहिलं.

जयतीर्थ पुन्हा आला. दाराच्या फटी बुजवल्या, कौलांवर ओली पेंढी अंथरली, खिडकीच्या कडा कापडानं बंद केल्या. मग अख्खी दुपार अंगणात पाणी मोजत बसला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता.

"मावशी, एक पान म्हणालीस. आत दोन आहेत."

"दुसरं कोण, तुझी सासू?"

"थट्टा नाही. भिंतींचा, छताचा, सगळा हिशेब लागतो. एका माणसाची ऊब नि ओल तेवढी जास्त निघते. कोण बसतं आत?"

भामा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदराशी चाळा करत हळू म्हणाली, "कुणी नाही. पण मामंजी विचारतात, 'तुझी सासू आत्ता उठून गेली का?' मी हो म्हणते. आजारी माणसाला काय नाही म्हणायचं?"

"भ्रम झालाय," बाई म्हणाल्या. नंतर भाजीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून घर निजलं. रस्त्यावरही सामसूम होती. बाईंनी दाराला कान लावला.

राव बोलत होते. शब्द चिकट, पण कळण्याजोगे. "थकलीस? जरा टेक." मग थांबले, समोरच्याला बोलू द्यायला माणूस थांबतो तितकेच. आणि हसले. ते हसू बाईंनी वत्सलेच्या लग्नाआधीपासून ऐकलं नव्हतं.

"वत्सलेचं चुकलंच माझं," ते म्हणाले. पुन्हा थांबले. "बरं, नको काढूस तो विषय."

चार वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते दाराच्या आत बोललं जात होतं. भलत्याच कुणाला तरी. हाक येत नव्हती, कारण हाक मारायची ती जवळ नसलेल्याला; रावांच्या लेखी चंद्रा जवळच होती.

हट्ट कुठच्या कुठं गेला. त्यांनी दार ढकललं आणि उंबऱ्यात पाऊल ठेवलं.

पलंगाशी भामाचं बसकं स्टूल होतं. त्यावर कुणी नव्हतं. रावांचा धड हात पांघरुणाबाहेर होता, आणि बोटं दुसऱ्या बोटांत गुंफल्यासारखी अर्धवट मिटलेली होती.

"अहो," बाई म्हणाल्या.

रावांनी मान वळवली. परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीनं बघितलं.

"कोण पाहिजे?" ते म्हणाले. "दार लावून घ्या, अम्मा. गारवा जातो. हिला उकडतं."

बाईंनी दार लावून घेतलं. बाहेरून.

त्याच आठवड्यात राव गेले. झोपेतच, हसऱ्या तोंडानं. भेटायला येणारा जो तो म्हणे, भाग्यवान, शेवटपर्यंत बायको उशाशी होती. चंद्रमतीबाईंच्या जिभेवर आयुष्यभर उत्तर तयार असायचं. यावर मात्र त्या पाणी आणायला उठायच्या.

चौदाव्या दिवशी गोडाचं झालं, पाहुणे पांगले आणि बाई त्या खोलीत जाऊन बसल्या. स्टुलावर, पलंगाशी. मशीन चालू ठेवायला सांगितलं. मग रोजच. काही बोलून बघायच्या. तांदूळ कसा निघाला, वत्सलेचं पत्र आलं का. कुणी थांबत नसे, कुणी हसत नसे.

भर उन्हाळ्यातलं अग्निनक्षत्र तापलं होतं. पुदु आरू नदीत नुसती वाळू उरली होती आणि दुपारी कावळेसुद्धा ओरडत नव्हते. जयतीर्थ मशीन बघायला आला. तो अंगणात गुंडीवर वाकला, बराच वेळ पाणी मोजत राहिला. खिडकीपाशी त्याचा आवाज आला.

"भामावहिनी, रिकाम्या खोलीत हे कशाला चालवता? वीज फुकट जाते."

"रिकामी कुठं? आत्याबाई बसल्यात की आत. सकाळपासून."

अंगणात गुंडीत पुन्हा माप बुडाल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं तो आत आला. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ये. खोली छान कोरडी झालीय रे आता." तो जवळ आला, नेहमीसारखा वाकला, त्यांच्या पावलांना हात लावला. आणि तो हात तसाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही, मावशी."

तो मागं सरकला, दार अलगद ओढून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही. फटीतून बाईंना स्वयंपाकघर दिसत होतं. भामा घामानं भिजलेल्या पदरानं वारा घेत होती. तिच्या शेजारी, पेटत्या चुलीपाशी, जयतीर्थ उकिडवा बसून दोन्ही तळवे शेकत होता.