एक खाच ढिली

या, अशी खुर्ची ओढून जवळ बसा. एक गोष्ट सांगतो. माझ्याच बाबतीत घडलेली आहे, म्हणून तिखटमीठ लावणार नाही. जे मला कळलं नाही, ते कळलं नाही म्हणूनच सांगेन.

लॉरेल घळीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझ्या बहिणीचा नवरा ऑर्विस हॅगन्स, आम्ही दोघांनी एकतीस वर्षं ट्रकचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त केले. केंटकीच्या ह्या डोंगरांत निम्मी गिऱ्हाईकं एकच रडगाणं घेऊन येतात. चढ लागला, पाय दाबला, तरी गिअर लवकर खाली येत नाही. इंजिन गुदमरतं आणि ट्रक आजाऱ्यासारखा रेंगाळतो.

मी तेल हुंगायचो, दाब मोजायचो, पुस्तक उघडायचो. ऑर्विस ट्रकची एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "तार ढिली आहे. एक खाच."

ही तार ॲक्सिलरेटरच्या पेडलकडून गिअरबॉक्सपर्यंत जाते. पाय किती दाबला ते तीच आत कळवते. तिच्या टोकाला दातेरी पट्टी असते. एक खाच इकडेतिकडे झाली, तरी गिअर उशिरा येतो.

"डेन्झिल, तू गिअरबॉक्स वाचत बसतोस," तो म्हणायचा. "अरे बाबा, त्याचं ऐकून तर घे!"

गिऱ्हाईकं हसायची. मीही हसायचो, दात दिसतील इतपत.

तेवढं एक वेळ गिळलं असतं. पण देवानं त्याला गळाही दिला. आमच्या चर्चमध्ये लिहून आणलेलं प्रवचन चालत नाही. एखादा भाऊ उठतो, साधं बोलू लागतो, आणि कृपा झाली तर बोलण्याचं गाणं होतं. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी खोल ओढलेला श्वास, "हा!" आईच्या मांडीवर होतो तेव्हापासून मी त्या सुराचा भुकेला आहे. ऑर्विस उभा राहिला की तिसऱ्या मिनिटाला बायकांचे रुमाल बाहेर निघत. मी उभा राहिलो की सुट्या भागांची यादी वाचतोय असं वाटे.

आई जायच्या दिवशी म्हणाली, "ऑर्विसला बोलवा. त्याला गाऊ दे." मी तिच्या उशाशीच बसलो होतो.

गेल्या ऑक्टोबरात त्यानं स्वतःचा ट्रक तेल बदलायला शेडमध्ये लावला आणि जेवायला गेला. मी खाली शिरलो आणि तार एक खाच ढिली केली. लोकांनी म्हणावं, बघा, ऑर्विसचाच ट्रक धापा टाकतोय. एवढंच हवं होतं मला.

त्याची एक सवय होती. जे बसवलं त्यावर तो पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा, म्हणजे कुणी हलवलं तर रेघ तुटलेली दिसते. पुन्हा तपासून काम बरोबर वाटलं, की त्या रेघेवर आडवी तिरकी खूण करायचा. मी हलवल्यावर रेघ तुटली. त्याच्याच कुंचल्यानं मी नवी ओढली.

तो काही बोलला नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला.

फेब्रुवारीत त्याच्या छातीत कळ आली. घरी कुणी नव्हतं. एकटाच ट्रक काढून तो डोंगरापलीकडच्या दवाखान्याला निघाला. माथ्याखालच्या उभ्या वळणावर सापडला. पाय तसाच पेडलवर दाबलेला. डॉक्टर म्हणाले, हृदयच गेलं, कशानंही वाचला नसता. एका श्वासाच्या उशिरानं माणूस मरत नाही, हे मलाही कळतं.

जूनमध्ये माझी बहीण व्हर्डा तोच ट्रक घेऊन आली.

"दादा, त्या वळणावर गिअर खाली यायला वेळ लावतो. रविवारी त्याच्या आठवणीची सभा आहे. येता-जाता त्या जागी मला रेंगाळायचं नाही रे." मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "ऑर्विस असता तर अर्ध्या तासात झालं असतं."

"हो. तो असता तर," मी म्हणालो. मेल्यावरही बाजी त्याचीच.

मी खाली शिरलो. माझी पिवळी रेघ होती तिथेच होती. तिच्यावर एक तिरकी खूण होती.

खूण त्याची होती. त्यानं पाहिलं होतं. खाच कुणी हलवली ते ओळखलं होतं, बरोबर आहे म्हणून खूण केली होती, आणि त्यानंतर तो तसाच चढ चढत राहिला होता.

मी खाच जागेवर आणली. सपाट रस्त्यावर गिअर लोण्यासारखे पडू लागले. वळणावर पाय दाबला. इंजिन अडकलं. एक लांब क्षण काहीच झालं नाही. मग गिअर खाली आला.

नवी तार घातली. गिअरबॉक्समधला तेल वळवणाऱ्या झडपांचा ठोकळा उतरवून धुतला. दाब मोजला, तोही पुस्तकाबरहुकूम. वळणावर पुन्हा तेच, आणि उशीर तेवढाच, ना कमी ना जास्त. नवी पिवळी रेघ ओढून मी हात टेकले.

गुरुवारी काचा बंद करून गेलो. त्या उशिरात कुणीतरी हवा आत ओढली. आवाज इंजिनचा नव्हता, शेजारच्या सीटवरून आला होता.

शुक्रवारी आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बर्लचा ट्रक नेऊन पाहिला. त्याला मी कधी हातही लावलेला नव्हता. वळणावर तोही अडकला. तेवढाच वेळ.

तो वेळ माझ्या ओळखीचा होता. ऑर्विसच्या दोन ओळींच्या मधला.

आमच्याकडे अशी सभा घराण्याच्या दफनभूमीतच भरते. थडग्यांमध्ये बाकं, झाडाखाली जेवणाची टेबलं. रविवारी दोन प्रवचनं झाली. मग सभा चालवणाऱ्या बर्लनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"डेन्झिल, तू त्याचा भागीदार. दोन शब्द बोल. दोनच हं, चिकन गार होतंय!"

लोक हसले. मी उठलो. चांगला माणूस होता, हाताला गुण होता, एवढं बोलून बसायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि आवाज आपोआप वर चढला.

"त्याची तार मी ढिली केली... हा!

एक खाच, फक्त एक खाच... हा!

त्यानं पाहिलं, आणि गप्प राहिला... हा!"

गात मी होतो.

श्वास मी घेत नव्हतो.

थांबलो तेव्हा माणसं रडत होती. त्यांना वाटलं दृष्टान्त आहे, देव आणि माणूस ह्यांच्यामधल्या तारेचा. बर्लनं मला मिठी मारली. "असं आजवर ऐकलं नाही, भाऊ. ऑर्विसपेक्षाही..."

हे ऐकण्यासाठी मी जन्म घालवला होता.

व्हर्डा रडत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

परतताना ट्रक तिनं चालवला. वळण आलं. तिनं पाय दाबला.

गिअर तत्क्षणी खाली आला.

"झाला नीट," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

तिच्या अंगणात मी ट्रकखाली शिरलो. माझ्या नव्या रेघेवर तिरकी खूण होती. बोट लावलं. रंग ओला होता.

आता तीन तालुक्यांतून मला प्रवचनाची बोलावणी येतात. मी जातो. लोक माझं नाव घेतात. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी मला गाताना ऐकलंत, तर मला शाबासकी देऊ नका. ओळ संपली आणि श्वास ऐकू आला, की माझ्या ओठांकडे बघा. ते मिटलेले असतील.

तेवढ्या वेळात त्याची आठवण काढा. ऑर्विस हॅगन्स.