वारज्याच्या फ्लॅटमधला भिंतीचा डाग

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्यासोबत घडली ते माझे सख्खे मामा आहेत, अजून धडधाकट आहेत आणि वारज्यातच राहतात. खोटं वाटलं तर येऊन विचारा. फक्त दुपारी येऊ नका.

साल २००९. एप्रिल महिना. आणि रात्र नव्हती... टळटळीत दुपार होती.

दीनानाथमामा तेव्हा फ्लॅट भाड्यानं लावून द्यायचे एजंट होते. लावून देण्यापेक्षा भांडणं सोडवण्यातच त्यांचा दिवस जायचा. मंदीचं वर्ष होतं. आयटीतली, कॉल सेंटरमधली पोरं एका ईमेलवर घरी बसत होती. भाडी थकत होती. मालक डिपॉझिट दाबून बसायचे, वर साफसफाईचे आणि रंगाचे पैसे मागायचे. भाडेकरू रडायचे. दोन्ही बाजूंनी शिव्या खायला मामा होतेच.

मामा थकले होते. घरी आले की मामीशीही बोलायचे नाहीत.

त्यातच विमलाबाईंचं प्रकरण आलं. हायवेच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा वन बीएचके. बिल्डिंग नवी. बाईंनीच बिल्डरकडून घेतलेला. भाडेकरू होती पायल, चंद्रपूरची. तिचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. नोकरीही गेली होती.

तिघं रिकाम्या हॉलमध्ये उभी होती.

"भाडं द्यायला जमलं नाही," विमलाबाई म्हणाल्या, "पण भिंत मात्र अगदी मनापासून वापरली हो!"

हॉलच्या आतल्या भिंतीवर एक डाग होता. तेलकट, गोल. रोज एकाच जागी टेकून बसणाऱ्याच्या डोक्याचा पडतो तसा.

"डाग आधीपासून आहे काका," पायल म्हणाली. "मी राहायला आली तेव्हा नवा रंग होता. आठवड्यात वर आला. मी दोनदा पुसला."

"आधीचा भाडेकरू सुखदेवही हेच सांगून गेला. त्याच्या आधीचं जोडपंही. माझ्या भिंतीलाच घाम फुटतो म्हणायचे!" बाईंनी हिशोब ऐकवला. भाडं, साफसफाई, रंग... डिपॉझिटमधून उरत होतं शून्य.

पायलचा चेहरा उतरला. तिला वाघोलीला दुसरी नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिथल्या खोलीचं डिपॉझिट भरायला हेच पैसे होते. नाही मिळाले तर थेट चंद्रपूरची गाडी. तिच्या वडिलांनी, भीमरावांनी, पीएफमधून काढून दिलेले पैसे होते ते. नोकरी गेल्याचं तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

"नोकरी गेली कशी गं?" मामांनी विचारलं.

तिनं भिंतीवरच्या डागाकडे बघितलं.

"कामावर जायचीच नाही मी काका. शिफ्ट करून आली की तिथे बसायची... मग उठणंच व्हायचं नाही."

"आळस म्हणतात त्याला," विमलाबाई म्हणाल्या.

मामांनी दोघींना उद्या निकाल सांगतो म्हणून घालवलं. त्यांची एक पद्धत होती. वाद झाला की रिकाम्या घरात थोडा वेळ एकटं बसायचं, डोळ्यांनी सगळं बघायचं आणि मगच आकडा सांगायचा. कुणाचं ऐकून निकाल द्यायचा नाही. या पद्धतीमुळेच वारज्यात त्यांचा शब्द चालायचा.

पायल दारातून मागे वळली.

"काका, सगळं बघा... पण तिथे टेकू नका."

दार लागलं. मामा एकटे उरले.

बाहेर ऊन रणरणत होतं. खाली मुलं नाहीत, भाजीवाला नाही, एक कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. त्यांनी किचन बघितलं. ओटा लखलखीत. बाथरूम स्वच्छ. पोरगी खोटं बोलत नव्हती, साफसफाईचा एक रुपयाही लागत नव्हता.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला...

दिवसभर राबून घरी आलेला माणूस बूट काढून टेकतो आणि सोडतो ना... तसा एक लांब सुस्कारा.

मामा बाहेर आले. हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

डाग मात्र ओला दिसत होता.

इथे मामांनी ती चूक केली. त्यांच्या धंद्यात ही साधी गोष्ट होती. डाग किती उंचीवर आहे त्यावरून तो कुणाचा ते कळतं. पायल बुटकी. डाग तिच्या डोक्यापेक्षा वर निघाला तर तिचा नाही, विषय संपला. म्हणून माप घ्यायला ते भिंतीशी जमिनीवर बसले... आणि डोकं मागे टेकवलं.

डाग बरोबर त्यांच्या डोक्यामागे आला.

भिंत गार नव्हती. तिच्यात ऊब होती. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या उशीसारखी.

आता उठू, असं मामांच्या मनात आलं. मग वाटलं, घाई काय आहे? किती वर्षं आपण लोकांची दारं वाजवतोय. किती जणांच्या शिव्या खाल्ल्या. कुणी एकदा तरी म्हटलं का, बसा जरा, दमला असाल?

आणि शेजारी...

शेजारी कुणीतरी हललं. मामांना नीट जागा व्हावी म्हणून थोडं सरकून बसलं.

कपड्यांची सळसळ त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. मान वळवून बघावंसं वाटलं नाही. भीतीही वाटली नाही. उलट बरं वाटलं. इतकं बरं, की डोळ्यांत पाणी आलं.

दोघांचे श्वास एका लयीत चालू होते.

खिशात मोबाईल वाजला. वाजू दे.

पुन्हा वाजला.

मग बेल. मग दारावर थापा. मग कुलपाचा आवाज, आणि दारात विमलाबाई, मागे पायल, तिच्या मागे पदर तोंडाला लावून उभी असलेली माझी हिरामामी.

"काय गं?" मामा म्हणाले. "आत्ताच तर बसलो."

मामी ओरडली, "अहो, आत्ताच काय? काल दुपारपासून शोधतेय मी तुम्हाला, या घराचं आज सकाळी कळलं!"

खिडकीबाहेर सकाळ होती. खाली दूधवाल्याची सायकल लागली होती.

मामांना तहान लागली नव्हती की भूक. त्यांना फक्त एवढंच वाटत होतं, की यांनी दार लावून जावं. मामीनं हात धरला तर त्यांनी तो झटकला. आयुष्यात पहिल्यांदा. विमलाबाई जागच्या हलल्या नाहीत.

पुढे आली ती पायल. तिनं मामांच्या काखेत हात घातले आणि सगळा जोर लावून त्यांना ओढलं. भिंतीवरून डोकं सुटलं तेव्हा चिकटपट्टी निघावी तसा आवाज झाला. मामा धाडकन पुढे पडले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

पायलही रडत होती.

"मला उठवायला कोणीच नव्हतं काका..."

मामांना तेव्हा कळलं. सुखदेव, ते जोडपं, ही मुलगी. सगळी मामांनीच आणलेली माणसं. आली तेव्हा वेळेवर भाडं देणारी, कामाला वाघ. आणि प्रत्येकाचं भाडं थकलं होतं ते याच घरात. प्रत्येकाकडून डागाचे पैसे कापले गेले होते, आणि ते मामांनीच कापून दिले होते.

तोंड धुऊन त्यांनी निकाल सांगितला.

"विमलाबाई, डिपॉझिट पूर्ण परत द्यायचं. एक पैसा कापायचा नाही."

"आणि माझं भाडं?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"जो राहतोय त्याच्याकडे मागा."

बाईंनी भिंतीकडे बघितलं.

जुन्या डागाशेजारी, हातभर अंतरावर, दुसरा डाग होता. ओला, ताजा. कालपर्यंत तिथे काही नव्हतं. आणि मामा त्या जागी बसलेच नव्हते...

बाईंनी उभ्या उभ्या चेक लिहिला. सोमवारी पायल वाघोलीला कामावर हजर झाली.

मामांनी नंतर खूप चौकशी केली. त्या घरात कुणी मेलेलं नाही. बिल्डिंगच्या आधी तिथे ज्वारीचं रान होतं. बांधकामावर अपघात नाही, काहीच नाही. फ्लॅट तेव्हापासून बंद आहे. विमलाबाई भाड्यानं देत नाहीत आणि विकतही नाहीत. का, ते त्या सांगत नाहीत. आठवड्यातून एकदा त्या झाडून घ्यायला म्हणून तिकडे जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात, असं वॉचमन म्हणतो.

मामांनी तो धंदा सोडला. मी एकदा त्यांना विचारलं, "मामा, भीती वाटते का अजून?"

त्यांनी कुलूप लावलेल्या दाराकडे बघितलं.

"तिथे जावंसं वाटतं रे," ते म्हणाले.

जेवणं झाली की दुपारी ते उठतात, न बोलता चपला शोधतात. म्हणून हिरामामी जेवणाआधीच दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते.