राजासमोर हसायचं

सकाळी नऊच्या आत सतरा गाड्या दाराशी उभ्या होत्या आणि ओलावाताईचं डोकं तेव्हापासूनच तापलेलं होतं. हे नाव गाडीवाल्यांनी ठेवलेलं. धान्याच्या त्या कोठारात आलेल्या प्रत्येक गाडीत ती लांब नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायची, यंत्राच्या वाटीत ओतायची आणि ओलावा किती ते चिठ्ठीवर लिहून द्यायची. चौदा टक्क्यांच्या आत असेल तर माल कोठीत, वर असेल तर अंगणात सुकायला. बारा वर्षं ती हेच करत होती. तिचा आकडा चुकला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. एकदा तो बदलला मात्र गेला होता, आणि त्यात तिचा दादा गेला होता.

त्याला आता अकरा आठवडे झाले. त्या दिवशी तिने चिठ्ठीवर सतरा पूर्णांक आठ लिहिलं होतं. वहीत तेरा पूर्णांक आठ चढलं. एकच आकडा बदलला, तोही दुसऱ्याच अक्षरात. ओला माल तीन नंबरच्या कोठीत गेला, चार मजली उंच पत्र्याच्या त्या नळकांड्यात आठ दिवस उबला, आणि वरती त्याची भाकरीसारखी कडक पापडी धरली. ती फोडायला दादा हातात बांबू घेऊन आत उतरला. कोठीच्या तळाशी माल बाहेर ओढणारा पट्टा तेव्हा चालूच होता. पापडी फुटली आणि दादा दाण्यांत खाली गेला. त्याला बाहेर काढायला कोठीचा पत्रा कापावा लागला.

आणि आज मॅनेजर म्हणत होता की दादा परवानगीशिवाय उतरला.

"फक्त एक सही, ताई," तो सकाळीच प्रयोगशाळेत येऊन सांगून गेला होता. टाइप केलेला कागद त्याने तिच्या टेबलावर ठेवला. "त्याला अशी सवय होती, तुम्ही घरातही त्याला समजावलं होतं, एवढंच लिहिलंय. चौकशीवाल्या बाई आज येतायत, चारला जातील. वहिनींना आपण पॅकिंगमध्ये लावून घेऊ. तुमचंही काम चालू राहील. आणि आज सण आहे, जरा हसतमुख राहा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी वहिनी होती, शाळेत जाणारी पुतणी होती. त्या पोरीला वर्गात कोणीतरी सांगितलं होतं की तुझा बाप स्वतःच्या चुकीने मेला. ती घरी येऊन आत्यालाच विचारत होती, खरं का ग? या कागदावर सही झाली की ते कायमचं खरं होणार होतं.

सण पिकाचा होता आणि गोष्ट सगळ्यांना पाठ होती. बळी नावाचा राजा. त्याच्या राज्यात कोणी उपाशी नव्हतं, कोणी खोटं मापत नव्हतं. मग एक बुटका बटू दारात आला आणि त्याने तीन पावलं जमीन मागितली. राजाने शब्द दिला. बटू वाढत गेला, वाढतच गेला. एका पावलात जमीन, दुसऱ्यात आभाळ, तिसरं कुठे ठेवू म्हणाला. राजाने स्वतःचं डोकं पुढे केलं आणि स्वतःला जमिनीखाली गाडून घेतलं. वर्षातून एकदा, पीक घरात आलं की, त्याला वर यायची मुभा. तो येतो, दारोदार फिरतो आणि बघतो की माझी माणसं सुखी आहेत ना. म्हणून दहा दिवस फुलांची गोल रांगोळी काढायची, रोज एक कडं वाढवायचं. नवे कपडे घालायचे, पानावर जेवण वाढायचं आणि हसायचं. घरात काहीही झालेलं असो, राजासमोर रडगाणं गायचं नाही. तो बिचारा एक दिवस आलेला असतो.

लहानपणी तिला ही गोष्ट फार आवडायची. आता तिला राजाचाच राग यायचा. समोरचा फसवतोय हे दिसत असताना डोकं कसलं पुढे करायचं? दादाही तसलाच. त्या दिवशी जेवणाचा डबा अर्धा टाकून उठला होता. "गाडी भरून देतो म्हणून साहेबांना शब्द दिलाय," म्हणाला होता. चांगल्या माणसांचं हे असलं चांगुलपण पाहून तिचं पित्त खवळायचं.

कोठारात नऊ वर्षं दादाच राजा व्हायचा. त्याचं पोट मोठं होतं, मिशी रंगवायची गरज नव्हती. डोक्यावर मुकुट, खांद्यावर छत्री. राजा बोलत नसे. प्रत्येक विभागाच्या दारात थांबून तो दोन्ही तळवे वर करायचा, म्हणजे कसं काय, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "सगळं बरं आहे, महाराज." यंदा तो मान काटेवाल्याला मिळाला होता. गाड्यांचं वजन करणारा हा माणूस दादाचा मित्र, अंगाने अगदी काडी. सकाळी तिनेच त्याच्या पोटावर उशी बांधून दिली.

"नाडी घट्ट ओढ, ताई," तो म्हणाला. मग खाली बघत, "राजा व्हायला मी नाही म्हणालो होतो ग. साहेबांनी ऐकलं नाही."

"तू कधी मोठ्याने नाही म्हणालास?" तिने विचारलं. 

या दहा दिवसांत दोन गोष्टी अशा घडल्या होत्या ज्यांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. गेटजवळ पॅकिंगच्या बायका फुलांची रांगोळी घालत होत्या. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती मधोमध दबलेली दिसायची. बायकांनी आधी कुत्र्याला शिव्या दिल्या, मग पहारेकऱ्याला. फुलं विस्कटलेली नसायची. नुसती चपटी झालेली असायची, खालच्या मातीत बसलेली.

दुसरी गोष्ट तीन नंबरच्या कोठीत होती. कापलेल्या पत्र्याला जोड देऊन सणाच्या आदल्या आठवड्यात तिच्यात नवं पीक भरलं होतं. वरून ओतलेल्या धान्याचा मधोमध ढीग होतो, शेंडी वर येते. पाचव्या दिवशी नमुना काढायला ती शिडी चढून वर गेली, झाकण उघडलं, बॅटरी मारली, तर ढिगाला शेंडी नव्हती. तिथे खळगा होता. हवेचा दाब, खालून गळती, उंदीर, सगळी कारणं तिने डोक्यात तपासली. मग खुणांची काठी आत सोडून माप घेतलं. लांबी चार फूट, खोली एक वीत. एका टोकाला गोल आणि खोल, दुसऱ्या टोकाला पाच लहान खड्डे. तिने हमालाकडून ढीग सारखा करून घेतला. दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा होता, दोन बोटं जास्त खोल. तिने नळीने दोन नमुने काढले. कडेच्या धान्याचा ओलावा भरला बारा पूर्णांक सहा. खळग्यातल्या धान्याचा सतरा पूर्णांक आठ. तिने यंत्र पुसलं, वाटी बदलली, पुन्हा तपासलं. तीनदा तोच आकडा आला.

तिने ते वहीत लिहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? मूग गिळून बसलेल्या या माणसांना तिने याआधीही बरंच काही सांगून पाहिलं होतं.

अकरा वाजता राजा निघाला. त्याच्या पुढे ढोल, मागे मॅनेजर, मॅनेजरच्या बाजूला चौकशीवाल्या बाई, हातात फाइल. मॅनेजर त्यांना कौतुकाने दाखवत होता, हे आमचं कुटुंबच आहे बघा. गेट झालं, काटा झाला, पॅकिंग झालं. प्रत्येक ठिकाणाहून तेच उत्तर तिला प्रयोगशाळेत ऐकू येत होतं. पॅकिंगच्या बायका तर गळा फाडून ओरडल्या. यातल्या तिघी दादाला बाहेर काढताना तिथे होत्या.

शेवटी राजा तिच्या दारात आला.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आली ती नाडी. तिने बांधलेली गाठ सुटून लोंबत होती आणि पोट होतं तिथेच होतं. चेहरा काटेवाल्याचाच होता, रंगवलेली मिशीही घामाने थोडी ओघळलेली. पण काटेवाल्याला दहा पावलं चालून धाप लागायची आणि हा श्वास घेताना दिसत नव्हता. पाय अनवाणी होते. ज्या कोरड्या फरशीवर तो उभा होता ती पावलांभोवती ओली होत चालली होती.

त्याने दोन्ही तळवे वर केले.

मॅनेजर तिच्याकडे बघून हसला. म्हणा, असं त्याने मानेनेच सांगितलं.

"बरं नाही, महाराज," ती म्हणाली.

ढोल थांबला.

"माझ्या भावाला यांनी चालू पट्ट्यावर आत उतरवलं. माझा आकडा बदलला. आता म्हणतात तो आपल्या मनाने गेला. आणि हे सगळे तुम्हाला खोटं सांगतायत. दरवर्षी खोटंच सांगतात. तुम्ही तरी कशाला येता? खाली बसूनही तुम्हाला कळत नाही का काही?"

तिचा आवाज चिरकला होता. बाईंनी फाइल उघडली. मॅनेजर चटकन पुढे झाला. "धक्का बसलाय बिचारीला," तो हलक्या आवाजात बाईंना म्हणाला. "चला महाराज, पुढे चला."

राजा पुढे गेला नाही. तो मॅनेजरकडे वळला आणि त्याने उजव्या हाताची तीन बोटं वर केली.

कोणीतरी हसलं. मॅनेजरलाही सुटल्यासारखं वाटलं असावं, तोही हसला. "अरे वा, आज महाराजच मागणार? तीन पावलं? दिली, दिली. घ्या कुठली हवी ती."

राजाने पाय उचलला तो तिच्या उंबऱ्यावरून.

टेकला तो गेटवरच्या फुलांत. मध्ये दोनशे पावलांचं अंगण होतं आणि तिने पापणी लववली नव्हती.

दुसरं पाऊल तीन नंबरच्या कोठीवर पडलं. पत्रा वाजला नाही. चार मजल्यांवर, उघड्या झाकणाशी, छत्री धरून तो उभा दिसला.

राजामागून आलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, फक्त फार सावकाश.

मग तो परत मॅनेजरसमोर होता. एक बोट उरलं होतं.

मॅनेजरचं हसू अजून तोंडावर तसंच होतं. त्याला कोणी हात लावला नाही. त्याने स्वतःहून गुडघे टेकले आणि मान खाली घातली.

पाऊल त्याच्या केसांवर टेकलं आणि उचललं गेलं. एवढंच.

ढोल पुन्हा सुरू झाला. काटेवाला नळाशी जाऊन बसला, धापा टाकत. उशी त्याच्या मांडीवर पडली होती. सगळे जेवायला गेले.

"तुम्ही पाहिलंत ना?" तिने पॅकिंगच्या एकीला दंडाला धरून विचारलं.

"काय ग? छान झालं की यंदा," ती म्हणाली आणि तिने नजर चुकवली. ओलावाताईने तिचा दंड सोडून दिला. या बाईला एक ठेवून द्यावी असं तिला मनापासून वाटलं.

दोन वाजता मॅनेजर प्रयोगशाळेत आला आणि दार लावून टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. केस टाळूवर चपटे बसले होते, त्यांत दाणे अडकले होते.

"तो सकाळचा कागद फाडा," तो म्हणाला. "मी सांगतो तसं लिहा. लवकर."

तिने कोरा कागद पॅडला लावला. तो सांगत गेला. वहीतला आकडा मी बदलला. माल ओला आहे हे मला माहीत होतं. त्याने पट्टा बंद करायला सांगितलं, दोनदा सांगितलं. मी म्हणालो, गाड्या थांबल्यात, तसाच उतर.

ती लिहीत होती. दोनदा, हा शब्द तिने ठळक लिहिला. अकरा आठवडे तिने जे ऐकण्यासाठी दातओठ खाल्ले होते ते आता कानावर पडत होतं आणि तिचा राग तसूभरही कमी होत नव्हता.

वर पाहिलं तेव्हा टेबलाची कड त्याच्या छातीला लागली होती. आत आला तेव्हा ती कमरेशी होती.

ती वाकून पलीकडे बघायला गेली. फरशी फुटलेली नव्हती. त्याचे गुडघे मात्र दिसत नव्हते.

"कोणाला तरी हाक मारा, ताई," तो म्हणाला.

"तो पडला हे तुम्हाला किती वाजता कळलं?"

"लगेच. वरच्या हमालाने ओरडून सांगितलं. ताई, हाक मारा."

"मग पट्टा कधी बंद केला?"

 तिने पेन कागदावर टेकवून ठेवलं. बाहेर जेवणाच्या पंगतीचा गलका चालला होता. बाईंची गाडी अजून गेटपाशीच उभी होती. टेबलाची कड आता त्याच्या हनुवटीला लागली होती आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"चाळीस मिनिटांनी," तो म्हणाला. "गाडी भरल्यावर."

तिने अक्षरी लिहिलं, चाळीस. खाली एक रेघ ओढली. मग पॅड घेऊन टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे गेली, उकिडवी बसली आणि पॅड त्याच्या हाताखाली धरलं. त्याने सही केली. अक्षर वाचता येत होतं. सही करून होईपर्यंत तिला कोपर आणखी खाली घ्यावं लागलं.

"ताई," तो म्हणाला.

"तारीख राहिली," ती म्हणाली, आणि तिने पॅड फरशीवर सपाट ठेवलं.